रिफंड आला, खर्च झाला. आता आयकर खात्याचा मेसेज आलाय

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून)

मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरीला आहे. वर्षाचा पगार साडेतेरा लाखांच्या आसपास. तीन वर्षांपूर्वी मेहुण्याच्या ओळखीतला एक टॅक्सवाला आमच्या शॉपवर, म्हणजे कारखान्यातल्या कामाच्या जागी, यायला लागला. सीए नाही, पण 'सगळं कायदेशीर आहे' म्हणायचा. फॉर्म सोळा आणि पोर्टलचा पासवर्ड त्याला द्यायचा, बाकी तो बघायचा. रिफंड जमा झाला की त्याचे वीस टक्के. पहिल्या वर्षी ५२,००० आले, दुसऱ्या वर्षी ६७,६००. यंदा ८९,४४० दाखवलेत, ते अजून आलेले नाहीत. गेल्या आठवड्यात खात्याचा मेसेज आला की रिटर्नमधल्या वजावटी तपासा आणि चुकीच्या असतील तर दुरुस्त करा. मग पहिल्यांदाच रिटर्न उघडून बघितलं. राजकीय पक्षाला दोन लाखांची देणगी, सासूबाईंना दिलेलं घरभाडं, शैक्षणिक कर्जाचं व्याज, सगळं लिहिलंय. मी यातलं काहीच केलेलं नाही. घर माझं स्वतःचं आहे.

टॅक्सवाला म्हणतो, 'काही करू नका, नोटीस आली तर पाच हजारांत मॅनेज करतो.' बायको म्हणते गप्प बसा, शॉपवरच्या तीस-चाळीस जणांनी हेच केलंय, तुम्हालाच कोण धरणार? मला झोप नाही. तुरुंग होतो का? नोकरी जाईल का? पैसे तर खर्च होऊन गेले.

उत्तर

हे उत्तर १८ डिसेंबर २०२५ ला लिहितोय. तारीख मुद्दाम आधी सांगितली, कारण तुमच्या तीन वर्षांपैकी एका वर्षाची दुरुस्ती ३१ डिसेंबरपर्यंत फुकटात होते. बाकीच्या दोन वर्षांची महाग पडेल, पण तीही होईल. तुरुंगाचं पुढे बोलू. आधी या तेरा दिवसांचं.

आज रात्री एवढंच करा. आयकर पोर्टलवर लॉगिन करा, पण मेसेजमधल्या लिंकवरून नको. या दिवसांत खोटे मेसेजही फिरतात, म्हणून ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करून जा. पासवर्ड चालत नसेल तर आधार ओटीपीने नवा घ्या. आत गेलात की आधी प्रोफाइल बघा: मोबाइल आणि ई-मेल कुणाचा आहे? अशा टॅक्सवाल्यांची एक ठरलेली पद्धत असते. गठ्ठ्याने रिटर्न भरायला एखादा ई-मेल उघडायचा, सगळ्यांच्या प्रोफाइलमध्ये तोच टाकायचा आणि हंगाम संपला की सोडून द्यायचा. नोटिसा त्या बेवारस ई-मेलवर जातात, तुम्हाला पत्ताच नसतो. तुम्हाला मेसेज मोबाइलवर आला म्हणजे नंबर बहुधा तुमचाच आहे, ई-मेल मात्र बघाच. दोन्ही आपले करून घ्या आणि पासवर्ड बदला.

मग 'ई-प्रोसीडिंग्ज' आणि 'पेंडिंग ॲक्शन्स' उघडा. तिथे १४३(२) (रिटर्नची छाननी), १४८ए किंवा १४८ (जुनं वर्ष पुन्हा उघडणं) या कलमांची नोटीस पडलेली आहे का? नसेल तर खाली लिहिलेलं सगळं तुम्हाला लागू. असेल तर वाचन इथेच थांबवा आणि नोटीस घेऊन सीए गाठा, कारण त्या वर्षापुरता रस्ता वेगळा होतो. आलेला मेसेज म्हणजे नोटीस नव्हे. तो इशारा आहे. खरी नोटीस पोर्टलवर दिसतेच आणि तिच्यावरचा डीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळखक्रमांक, टाकून ती खरी की खोटी हे तपासताही येतं.

आता यंदाचं वर्ष, म्हणजे करनिर्धारण वर्ष २०२५-२६ (कमाईच्या आर्थिक वर्षाच्या लगेच पुढचं वर्ष). तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरून हिशेब असा दिसतो: एकूण पगार १३,६२,५००. त्यातून प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५०० आणि पीएफ धरून ८०सीचे, म्हणजे ठरावीक बचतीवरच्या वजावटीचे, दीड लाख वजा केले की खरं करपात्र उत्पन्न ११,६०,०००. जुन्या करपद्धतीने त्यावर उपकरासह कर १,६६,९२०. तेवढाच टीडीएस कंपनीने कापलाय. टॅक्सवाल्याने साडेतीन लाखांच्या खोट्या वजावटी घालून उत्पन्न ८,१०,००० वर आणलं, कर ७७,४८० झाला आणि फरक, म्हणजे ८९,४४०, रिफंड म्हणून मागितला.

हा रिफंड अजून आलेला नाही, हे तुमचं नशीब. ३१ डिसेंबरच्या आत कलम १३९(५) खाली सुधारित रिटर्न, आपण रिव्हाइज्ड म्हणतो ते, भरा. त्यात तिन्ही खोट्या वजावटी काढून टाका. कर १,६६,९२०, टीडीएस १,६६,९२०, हिशेब शून्य. दंड नाही, व्याज नाही, जादा कर नाही. सोडायचा तो फक्त कधीच तुमचा नसलेला रिफंड. मूळ रिटर्नचा पंधरा आकडी पोचपावती क्रमांक आणि भरल्याची तारीख लागेल, दोन्ही पोर्टलवरच मिळतात. भरलं की लगेच आधार ओटीपीने पडताळणी करा. मुदत तीस दिवसांची असते, पण 'नंतर करू' म्हणून राहिलेलं रिटर्न भरलंच नाही असं धरलं जातं. त्यातून १ जानेवारीला आठवण झाली तर रिव्हाइज्डचा दरवाजा बंद झालेला असेल.

हे वर्ष तसंच सोडलं तर? 'रिफंड आलाच नाही, म्हणजे मी काही घेतलं नाही' असं वाटेल. कायदा तसं बघत नाही. कलम २७०ए चा दंड लागतो तो कमी दाखवलेल्या उत्पन्नावरच्या करावर, खात्यात जमा झालेल्या पैशावर नाही. नुसतं उत्पन्न कमी दाखवलं असेल तर दंड त्या कराच्या ५० टक्के. खोटी माहिती देऊन कमी दाखवलं असेल तर २०० टक्के. न दिलेली देणगी दुसऱ्या प्रकारात बसते, त्यावर फार वाद घालता येत नाही. म्हणजे एक रुपयाही न मिळालेल्या रिफंडवर १,७८,८८० रुपयांचा दंड. आणि ५० टक्केवाल्यांना कर-व्याज वेळेत भरून, अपील न करता दंडातून सूट मागायची कलम २७०एए ची जी वाट आहे, ती २०० टक्केवाल्यांना बंद आहे.

मागची दोन वर्षं. इथे रिव्हाइज्डची मुदत कधीच संपलीय, आता 'अपडेटेड रिटर्न' हाच मार्ग, कलम १३९(८ए). करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत तो भरता येतो. मात्र स्वतःहून आल्याचीही किंमत आहे: कर आणि व्याज यांच्या बेरजेवर पहिल्या बारा महिन्यांत २५ टक्के जादा कर, चोवीसपर्यंत ५०, छत्तीसपर्यंत ६०, अठ्ठेचाळीसपर्यंत ७०. तुमच्यासाठी महत्त्वाची तारीख ३१ मार्च २०२६, कारण त्या दिवशी दोन्ही वर्षं एकेक पायरी वर सरकतात.

करनिर्धारण वर्ष २०२४-२५ घ्या. खरं उत्पन्न १०,५०,०००, दाखवलं ७,५०,०००, बुडालेला कर ६७,६००. अपडेटेड रिटर्नमध्ये आधी मिळालेला रिफंड परत देणं म्हणून धरला जातो आणि त्यावर कलम २३४बी चं दरमहा एक टक्का व्याज १ एप्रिल २०२४ पासून मोजलं जातं. डिसेंबरपर्यंत एकवीस महिने, १४,१९६ रुपये. बेरीज ८१,७९६. त्यावर २५ टक्के, २०,४४९. एकूण १,०२,२४५. हेच एप्रिल २०२६ मध्ये करायला गेलात तर व्याज पंचवीस महिन्यांचं आणि जादा कर ५० टक्के: १,२६,७५०. चार महिने 'बघू, बघू' करण्याचे साडेचोवीस हजार.

२०२३-२४ मध्ये बुडालेला कर ५२,०००. तेहतीस महिन्यांचं व्याज १७,१६०. त्या बेरजेवर ५० टक्के, ३४,५८०. एकूण १,०३,७४०. एप्रिलनंतर सुमारे १,१४,०००. रिफंडबरोबर खात्याने थोडं व्याज दिलं असेल, तर युटिलिटी, म्हणजे रिटर्न भरायचं खात्याचं सॉफ्टवेअर, तेही विचारते आणि परत घेते. तेव्हा हे आकडे ढोबळ धरा, शेवटचा आकडा युटिलिटीत येईल तो.

दोन्ही मिळून दोन लाख सहा हजारांच्या घरात. दोन वर्षांत हातात आले होते १,१९,६००, त्यातले २३,९२० टॅक्सवाल्याने नेले. म्हणजे ९५,६८० रुपये वापरले आणि आता त्याच्या दुपटीहून जास्त भरायचे. जड आहे, कबूल. पण शोधून काढल्यावर काय होतं तेही मांडून बघा: कर १,१९,६००, २०० टक्के दंड २,३९,२००, मिळून ३,५८,८०० आणि वर व्याज. यंदाचं वर्ष दुरुस्त केलं नसेल तर आधीचे १,७८,८८० आणखी. मागणीची नोटीस आल्यावर तीस दिवसांत भरलं नाही तर थकबाकीवर कलम २२०(२) प्रमाणे दरमहा एक टक्का वेगळा, पुढच्या वर्षांचे खरे रिफंडही त्यात वळते होतात, आणि कलम २२६ ची वसुलीची नोटीस बँकेला किंवा कंपनीला जाऊ शकते. नोकरीची काळजी करत असाल तर ती या टप्प्याची करा. कंपनीने टीडीएस बरोबर कापला होता, खोटं रिटर्नमध्ये घातलं गेलं, त्यामुळे आज कंपनीचा यात संबंध नाही. पगारातून वसुली करा असं पत्र एचआरच्या टेबलावर पोचलं की मात्र लपवण्यासारखं काही उरत नाही.

अपडेटेड रिटर्न भरताना लोक कुठे अडकतात ते नीट वाचा. एका वर्षासाठी हे रिटर्न एकदाच भरता येतं. त्यात पुन्हा चूक सापडली तर ते दुरुस्त करायला दुसरं अपडेटेड नाही. म्हणून वजावटी काढून थांबू नका. त्या वर्षाचं एआयएस आणि फॉर्म २६एएस, म्हणजे तुमच्या उत्पन्नाची आणि टीडीएसची खात्याकडची नोंद, उतरवून घ्या आणि ओळ-ओळ लावून बघा: बचत खात्याचं व्याज, एफडीचं व्याज, लाभांश, विकलेले म्युच्युअल फंड. टॅक्सवाल्याने हे बहुतेक वेळा सोडलेलं असतं, कारण त्याला कमिशन रिफंडवर मिळतं. तेही आताच घाला. उलट ज्या वजावटी खऱ्या आहेत, पीएफ, विम्याचा हप्ता, आरोग्य विमा, त्या पुरावा असेल तर ठेवा. घाबरून सगळंच काढून टाकणारेही असतात.

पैसे आधी, रिटर्न नंतर. पोर्टलवर 'ई-पे टॅक्स' मध्ये योग्य करनिर्धारण वर्ष निवडून सेल्फ असेसमेंट टॅक्स, मायनर हेड ३००, या खाली भरा. चलनावरचा बीएसआर कोड, तारीख आणि चलन क्रमांक रिटर्नमध्ये टाकायचे असतात, त्याशिवाय ते स्वीकारलंच जात नाही. वर्ष निवडताना फार लोक चुकतात. २०२३-२४ हे आर्थिक वर्ष म्हणजे २०२४-२५ हे करनिर्धारण वर्ष. चलन चुकीच्या वर्षात गेलं की ते दुरुस्त करून घेण्यात आठवडे जातात. कारण विचारलं जातं तिथे 'उत्पन्न बरोबर दाखवलं नव्हतं' हा पर्याय आहे, तोच निवडा. खुलाशाचा निबंध लिहायला जागा नाही आणि गरजही नाही.

हप्ते नाहीत. पूर्ण रक्कम एकदम. दोन लाख आत्ता उभे राहत नसतील तर क्रम असा लावा: यंदाचं रिव्हाइज्ड आधी, त्याला पैसेच लागत नाहीत. मग २०२४-२५, कारण ३१ मार्च ओलांडल्याचा फटका तिथे साडेचोवीस हजारांचा आहे, २०२३-२४ मध्ये साधारण दहा हजारांचा. त्यासाठी एफडी मोडावी लागली, सोनं गहाण ठेवावं लागलं तरी हिशेब तुमच्याच बाजूचा राहतो, कारण २५ टक्क्यांचे ५० टक्के होण्याएवढं व्याज तीन महिन्यांत कुठलीच बँक लावत नाही. मात्र दुसरं वर्ष फार लांबवू नका. त्या वर्षाचं पुनर्निर्धारण सुरू झालं, म्हणजे १४८ ची नोटीस निघाली, की अपडेटेड रिटर्नचा मार्ग त्या वर्षापुरता संपतो. २०२३-२४ साठी १४८ए ची नोटीस खातं ३१ मार्च २०२७ पर्यंत काढू शकतं. तुमच्याकडे तोवर वेळ आहे असा याचा अर्थ नाही, खात्याकडे आहे.

'तीस-चाळीस जणांत मलाच कोण धरणार?' वहिनींचा प्रश्न चुकीचा नाही, पण उत्तर त्यांना वाटतं त्याच्या उलट आहे. एकटा माणूस सापडायला कठीण, चाळीस सोपे. कंपनी दर तिमाहीला २४क्यू हे टीडीएसचं विवरण भरते. शेवटच्या तिमाहीच्या विवरणात प्रत्येकाचा पगार, दिलेली घरभाडे सूट, वजावटी, सगळं जातं. कंपनीच्या कागदात घरभाड्याची सूट शून्य आणि रिटर्नमध्ये एक लाख, हा फरक संगणकाला एका फटक्यात दिसतो. एकाच कारखान्यातल्या चाळीस जणांनी त्याच वर्षी राजकीय देणगी दिलेली, चाळीस रिटर्न एकाच ई-मेलवरून गेलेली, आणि सगळ्यांचा रिफंड टीडीएसच्या निम्म्याच्या आसपास. हा नमुना लपत नाही. १४ जुलै २०२५ ला खात्याने देशभर जी तपासणी मोहीम काढली ती रिटर्न भरून देणाऱ्या टोळ्यांवरच होती आणि त्यात महाराष्ट्रही होता. आदल्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी स्वतःहून रिटर्न दुरुस्त करून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतल्याचं खात्याने तेव्हाच सांगितलं होतं. तुमच्या टॅक्सवाल्याचा लॅपटॉप ज्या दिवशी ताब्यात जाईल, त्या दिवशी यादी तयार मिळेल. नावं, पॅन, टक्केवारी.

देणगीचा प्रकार तर एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तुमच्या रिटर्नची पीडीएफ उघडून 'शेड्यूल ८०जीजीसी' वर या. करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून तिथे देणगीची तारीख, रक्कम, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक आणि बँकेचा आयएफएससी भरावा लागतो. तिथे एखादा बारा आकडी क्रमांक टाकलेला असेल. आता त्या तारखेचं पासबुक काढा. तो व्यवहार त्यात नाही, आणि तो क्रमांक कुठल्याच बँकेत सापडणार नाही. रोख देणगीला ही वजावट मुळातच मिळत नाही, त्यामुळे 'हातात दिले' म्हणायचीही सोय नाही. निवडणूक आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये ३३४ नोंदणीकृत पण अमान्यताप्राप्त पक्ष यादीतून काढले. सहा वर्षांत एकही निवडणूक न लढलेले, पत्त्यावर सापडत नसलेले. देणग्यांच्या खोट्या पावत्यांचा धंदा अशाच कागदी पक्षांच्या नावावर चालतो.

शैक्षणिक कर्जाचीही तीच गत. यंदापासून कर्ज देणारी बँक, खाते क्रमांक, मंजुरीची तारीख, शिल्लक रक्कम, सगळं विचारलं जातं. सासूबाईंचा पॅन घरमालक म्हणून टाकलाय, म्हणजे त्यांच्या नावावर न मिळालेलं भाडं दिसतंय. उद्या त्यांना विचारणा झाली तर त्या माउलीने काय सांगायचं? या कारणासाठी तरी ही बाब घरात उघड बोला.

तुरुंगाबद्दल स्पष्ट. कलम २७६सी(१) खाली जाणूनबुजून कर चुकवणं हा गुन्हा आहे. बुडवलेली रक्कम २५ लाखांच्या वर असेल तर सहा महिने ते सात वर्षं सक्तमजुरी, त्याखाली तीन महिने ते दोन वर्षं, सोबत दंड. खोट्या पडताळणीसाठी कलम २७७ वेगळं आणि शिक्षा साधारण तशीच. तुमची तिन्ही वर्षांची रक्कम दोन लाख दहा हजारांच्या आत आहे. २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे २५ लाखांपर्यंतच्या प्रकरणात खटला भरायला मुख्य आयुक्त दर्जाच्या दोन अधिकाऱ्यांच्या मंडळाची पूर्वमंजुरी लागते. तेव्हा तुमच्या आकड्यावर थेट खटला उभा राहणं हे नेहमीचं नाही; नेहमीचा असतो तो पैशांचा फास. पण 'होतच नाही' असंही कुणाकडून ऐकून घेऊ नका. एकदा खटला झालाच तर कलम २७८ई उलटं चालतं: हेतू वाईट होता असं न्यायालय धरून चालतं आणि तो नव्हता हे आरोपीने सिद्ध करायचं. इशारा मिळूनही गप्प बसलेल्या माणसाला ते सिद्ध करणं किती जड जाईल, विचार करा. अपडेटेड रिटर्न भरलं म्हणून माफीचं पत्र येत नाही, कायद्यात तसा शब्द नाही. पण दंड ज्यावर उभा राहतो ते, खात्याने शोधून काढलेलं उत्पन्न, उरत नाही, आणि रुपयान् रुपया भरल्याची नोंद तुमच्या बाजूने राहते.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ चा, लागू होतोय. त्याने मागचं पुसलं जाईल अशी अफवा शॉपवर फिरत असेल तर सोडून द्या. तुमची तिन्ही वर्षं १९६१ च्या कायद्याखालची आहेत आणि त्याच कायद्याने निपटली जातील.

टॅक्सवाला. 'पाच हजारांत मॅनेज' म्हणजे व्यवहारात काय असतं? मागच्या तारखेच्या भाडेपावत्या, देणगीची छापील पावती, सासूबाईंची सही. आत्तापर्यंत तुमच्या नावावर खोटा दावा आहे. त्या दिवसापासून खोटा पुरावा होईल. कलम १३६ प्रमाणे आयकराची कार्यवाही न्यायिक कार्यवाही समजली जाते, त्यात खोटा कागद देणं हा स्वतंत्र फौजदारी गुन्हा आहे आणि त्याचा आकडा दोन लाख असो की दोन कोटी, फरक पडत नाही. 'मला माहीत नव्हतं, त्याने भरलं' हेही फार लांब जाणार नाही, कारण पडताळणीचा ओटीपी तुमच्या आधारशी जोडलेल्या मोबाइलवर आला आणि तुम्ही तो सांगितला. कायद्याच्या लेखी ती तुमची सही. त्यालाही कलम २७८ लागतं, चिथावणी आणि मदतीचं, पण त्याने तुमचं देणं कमी होत नाही. त्याच्याशी भांडू नका, धमक्या देऊ नका. व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि कमिशनचे यूपीआय व्यवहार जपून ठेवा, पुढे विचारणा झालीच तर ते कामाला येतात. नवा माणूस नेमताना त्याचा आयसीएआयचा, म्हणजे सीएंच्या संस्थेचा, सदस्य क्रमांक विचारा आणि फी रकमेत ठरवा. रिफंडच्या टक्क्यांवर काम करणारा दिसला की उठून या.

आता जे लिहायचंय ते वाचून तुम्हाला राग येईल, तरी लिहितो. यंदाच्या याच पगारावर नवी करपद्धत घेतली असती तर प्रमाणित वजावट ७५,००० धरून उत्पन्न १२,८७,५०० आणि कर उपकरासह १,०१,४०० झाला असता. म्हणजे एकही खोटा आकडा न टाकता ६५,५२० रुपये रिफंड. टॅक्सवाल्याने जुनी पद्धत निवडली कारण खोट्या वजावटी तिथेच घालता येतात. चालू आर्थिक वर्षात, २०२५-२६ मध्ये, नव्या पद्धतीचे टप्पे बदलले आहेत. पगार तेवढाच राहिला तर कर ७६,०५० येतो. जुन्या पद्धतीच्या १,६६,९२० पेक्षा ९०,८७० कमी, त्याच्या ८९,४४० च्या बनावट रिफंडपेक्षाही जास्त. तेव्हा कंपनीच्या अकाउंट्समध्ये जाऊन उरलेल्या महिन्यांचा टीडीएस नव्या पद्धतीने कापायला सांगा. वेळ गेली असेल तर पुढच्या जुलैत मुदतीत रिटर्न भरताना ती पद्धत घ्या. यंदाचं रिव्हाइज्ड भरताना मूळ रिटर्नमधली जुनी पद्धत सोडून नवी घेण्याचा मुद्दाही सीएसमोर याच आठवड्यात ठेवा, पण त्यासाठी ३१ तारीख अडकवू नका. खोट्या वजावटी काढणं आधी.

शॉपवरच्या बाकीच्यांना सांगायचं की नाही, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण ते येतीलच. तुमचे आकडे त्यांना दाखवू नका, कुणासाठी रिटर्न भरायला बसू नका. त्यांना फक्त त्यांचं शेड्यूल ८०जीजीसी उघडायला लावा आणि पासबुक शेजारी ठेवायला सांगा.